शनवार तेल्यांचा प्रोफेसर

दामोदरपंत केळशीकरांवर विश्वास ठेवणारा माणूस मला रेवदंड्यात कधी भेटला नाही. मीही ठेवत नव्हतो. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तरी लेखणी मधेच थांबते आणि मनात येतं, या माणसाला आमच्याकडून नक्की काय हवं होतं?

ते पहिल्यांदा आले तो शनिवार होता. मिठाच्या सत्याग्रहाला अजून काही वर्षं अवकाश होता. मी रेवदंड्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि माझे चुलते एलोजीकाका यांच्या घरी राहत होतो. काकांचा तेलाचा घाणा होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनिवारी घाण्याला बैल जुंपत नाही, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचा आणि आमच्या वस्तीला तेलीआळी. त्या दिवशी आळी नेहमीसारखी निवांत होती. काका ओटीवर बसले होते. इतक्यात पांढरं धोतर, लांब कोट, काळी टोपी असा एक गोरा, किडकिडीत गृहस्थ समोर येऊन उभा राहिला. त्याने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. तिथे आम्ही शास्त्रवचन घातलेली लहानशी नळी ठोकतो. तिला त्याने बोटं लावली, बोटं ओठांना लावली आणि स्वच्छ हिब्रूत 'शमा इस्राएल' ही आमची रोजची प्रार्थना म्हटली.

काका उठून उभे राहिले. घाबरले होते.

"तुमी कोन?"

"मी केळशीकर. मुंबईच्या कॉलेजात हिब्रू शिकवतो."

"इस्राएल हाव?"

"नाही. कोकणस्थ ब्राह्मण."

काकांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते गेल्यावर मला म्हणाले, "शलोम, बामनाच्या तोंडात शमा? कुटंतरी पाणी मुरतंय."

मग ते दर सुट्टीत येऊ लागले. मुंबईहून लाँचने रेवसला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीने रेवदंडा. चौलला एका सुपारीच्या वाडीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. संस्कृत शिकलेला हा माणूस शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेला, तिथे एका म्हाताऱ्या ज्यू पंडिताच्या हाताखाली हिब्रू आणि प्राचीन धर्मांचा अभ्यास करून परतला. वडिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बायको लवकर गेली होती. ही माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, आणि प्रत्येक तुकड्यामागे आळीने आपलं एक कारण जोडलं. कुणी म्हणे मिशनऱ्यांनी पाठवलंय, बाटवायला आलाय. कुणी म्हणे सरकारचा माणूस आहे. ब्राह्मणआळीत उलटीच कुजबूज होती. त्यांच्या मते तो आधीच बाटलेला होता, फक्त कबूल करत नव्हता.

पंतांचा स्वभावही लोकांचा संशय वाढवणाराच होता. त्यांना काहीही सांगा, एक प्रश्न ठरलेला: "हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?" रेवसची लाँच आज सुटणार नाही असं कुणी म्हटलं, तरी हाच प्रश्न. माझी मलकाकाकी एकदा त्यांना म्हणाली, "माजी सासू फार चांगली होती." त्यावर पंत गंभीरपणे म्हणाले, "हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?" काकी तोंडाला पदर लावून आत पळाली. ती सासूच्या मरणानंतर लग्न होऊन या घरात आली होती.

काकी मात्र त्यांना उत्तरं द्यायची. पंत ओटीच्या खालच्या पायरीवर बसून विचारत. पावसाळ्यातला तो उपास कधी धरता? सोडताना काय खाता? काकी सांगायची, "बिरडं. केळीच्या पानावर." का? "आमच्यात तसंच." कुणासाठी उपास? "ते काय ठावं न्हाय. मोठ्या मानसांनी धरला, आमी धरतो." मग पंत समोरच्या नारळाकडे पाहत राहायचे. एकदा मी विचारलं, "एवढं काय आहे त्या बिरड्यात?"

"शलोमराव, यरुशलेमचं देऊळ पाडलं त्याच्या शोकाचा तो दिवस आहे. देवळाची आठवण गेली, शोकाचं कारण गेलं. दिवस तेवढा उरला. तोही बरोबर."

माझ्या अंगावर काटा आला. पण त्याच वेळी असंही वाटलं, आमच्या घरातलं आमच्याहून जास्त याला ठाऊक आहे, हे काही ठीक नाही.

पुढे एका सुट्टीत कोळणी सांगत आल्या की तो बामण तुमच्या कबरस्तानात पालथा पडलेला असतो. आमचं जुनं कबरस्तान खाडीकडच्या बाजूला, माडांच्या मागे. तिथले बरेचसे दगड बिनअक्षरी, अर्धे मातीत गेलेले. कुणाच्या कबरी ते आम्हालाही माहीत नव्हतं. कोळणींचं म्हणणं, तो गुप्तधन शोधतोय. आळीत कल्लोळ झाला. काका, आणखी दोघेचौघे आणि मी संध्याकाळी तिकडे गेलो. पंत खरोखरच जमिनीवर पोटावर पडले होते, गाल मातीला टेकलेला, नजर एका दगडावर.

"काय उकरता?" काका ओरडले.

"उकरत नाही, वाचतोय. ऊन तिरपं पडलं की अक्षरं दिसतात. या, इथं पडून बघा."

"मी बापाच्या कबरीवं पालथा पडू?"

"ही तुमच्या वडिलांची आहे का?"

 आम्ही पंतांना तिथून उठवलं. त्यांनी कपड्यांची माती झटकली आणि मुकाट्याने निघून गेले. दगडाकडे आमच्यातलं कुणीच वाकून पाहिलं नाही.

सत्याग्रहाच्या दिवसांत तर फौजदारानेच त्यांना पकडलं. किनाऱ्यावर एकटा हिंडणारा शिकलेला माणूस, बगलेत कागद, आणि त्यांवर कुणाला न कळणारी अक्षरं. फौजदाराने मला बोलावलं. म्हणाला, "मास्तर, ही तुमच्या देवाची लिपी ना? वाचा." मी वाचलं. स्तोत्राच्या ओळी होत्या. "पण तुम्ही उजवीकडून का वाचताय?" मी म्हटलं, अशीच वाचतात. "उलटं लिहायचं म्हणजे काहीतरी लपवायचं असणारच," फौजदार म्हणाला. त्यावर पंत हसले नाहीत. उलट त्यांनी मान डोलावली. "तुमची शंका योग्य आहे. फक्त ती पुराव्यापर्यंत न्या." फौजदाराने त्यांना सोडलं. पण पुढे बरेच दिवस एक शिपाई चौलच्या वाडीबाहेर बिड्या ओढत बसलेला असे.

पंतांचं खरं वाटोळं झालं ते मुंबईत, एका व्याख्यानाने. त्यांना कॉलेजात प्राचीन धर्मांचं मोठं अध्यापकपद मिळणार, असं बोललं जात होतं. त्याआधीचं हे जाहीर व्याख्यान होतं. विषय आमचाच. काकांना मी मुद्दाम घेऊन गेलो. आमच्या समाजातले पुष्कळ लोक आले होते, कारण सर्वांना वाटत होतं की आता एक विद्वान ब्राह्मण भर सभेत सांगणार, हे लोक खरे इस्राएल आहेत. पुढच्या रांगांत पागोटी आणि उपरणी होती. ते लोक आपल्या जातीचा मोठा पंडित ऐकायला आले होते.

आमच्यातलं लहान मूलही सांगेल अशी आमची कथा आहे. फार जुन्या काळी नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांची आम्ही लेकरं. पंतांनी ती नीट सांगितली. मग म्हणाले, "माझ्या स्वतःच्या जातीचीही एक कथा आहे. समुद्रातून चौदा प्रेतं वाहून आली. परशुरामाने ती चितेवर शुद्ध करून उठवली, आणि आम्ही चित्पावन झालो. तिकडे चौदा, इकडे चौदा. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे मरणातून वाचणं. एकाच किनाऱ्यावर एकच गोष्ट दोन घरांत राहत असेल, तर मला विचारावं लागतं, ती कुणाच्या घरी जन्मली? की दोघांनीही ती तिसऱ्याकडून आणली?"

 मग पुढच्या रांगेतला एक वृद्ध उठून म्हणाला, "तुम्ही आम्हाला तेली म्हणता?" त्याच क्षणी मागून आमच्यातला एकजण ओरडला, "आणि आमाला चोर म्हंता? आमी तुमची गोष्ट चोरली?" मग कोण काय बोलतंय ते कळेना. पंत व्यासपीठावर उभेच होते. लोक शांत होतील आणि कुणीतरी प्रश्न विचारील, अशी वाट पाहत असावेत. कुणी विचारला नाही.

परतीच्या लाँचवर काका मुंबईकडे पाठ करून बसले होते. भाऊचा धक्का दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "त्याला कुनीतरी पाठवलाय. आमाला खोटं पाडायला." त्या पागोटेवाल्यांनाही हेच वाटत होतं, हे मला नंतर समजलं. फक्त त्यांच्या मते आम्ही पाठवलं होतं.

अध्यापकपद दुसऱ्याला गेलं. पुढे हिब्रूचा वर्गही बंद केला, म्हणजे पंतांना कॉलेजात काही कामच उरलं नाही. ते कायमचे चौलला राहायला आले. वाडीतली दोनतीन मुलं इंग्रजी शिकायला येत तेवढीच. आमच्या आळीत त्यांना कुणी ओटीवर येऊ देत नव्हतं. काकांनी काकीला बजावलं होतं, "तो आला तं दार लाव." पंत येतच नसत. कधी शाळेपाशी भेटले तर माझ्याशी बोलत. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना कॉलेजचे प्रिन्सिपॉल आले होते. मुंबईहून खास आले होते. मी उठू लागलो, तर पंत म्हणाले, "बसा."

प्रिन्सिपॉल भला माणूस दिसत होता. म्हणाला, "केळशीकर, एक वाक्य मागे घ्या. ती चौदा आणि चौदाची तुलना. घाईत बोललो, एवढं लिहून द्या. वर्ग परत सुरू करू."

"पण मी घाईत बोललो नव्हतो."

"तुम्हाला खात्री आहे का, की ती गोष्ट एकच आहे?"

"नाही. खात्री असती तर प्रश्न कशाला विचारला असता?"

"मग मागे घ्यायला काय हरकत आहे?"

"चूक मागे घेता येते," पंत म्हणाले. "प्रश्न कसा मागे घेऊ?"

प्रिन्सिपॉल गेला. पंत त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत गेले आणि परत येऊन खांबाला धरून उभे राहिले.  त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खोटा नसावा. पण घरी येईपर्यंत दुसरं मन म्हणालं, की हा नुसता हट्टही असेल. एखाद्या हट्टी माणसाला दुसरं काय येतं?

मग कबरस्तानाचा खटला उभा राहिला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने शेजारची नारळाची वाडी विकत घेतली आणि खाडीकडची ती जमीन आपल्या वाडीचाच भाग आहे, असा दावा लावला. त्याचं म्हणणं, तिथे कबरी वगैरे काही नाहीत, साधे दगड आहेत, आणि हे तेली लोक इथे अलीकडचे. आमच्याकडे कागद नव्हता. मुन्सफाच्या कोर्टात, अलिबागला, आमच्या वकिलाने विचारलं, "तुमच्यात कोणी जाणकार आहे का?" सगळ्यांना एकच नाव आठवलं, आणि कुणीही ते घेतलं नाही.

नाव घेतलं ते व्यापाऱ्याच्या वकिलाने. त्याने पंतांना आपला साक्षीदार म्हणून बोलावलं. मुंबईतल्या व्याख्यानाची हकीकत त्याला ठाऊक होती. ही बातमी आली त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. काका फक्त एवढंच म्हणाले, "बघ, शलोम. म्हनत नव्हतो? आता वसूल करनार तो."

कोर्टात पंत त्याच काळ्या टोपीत आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

वकील म्हणाला, "नवगावला गलबत फुटून हे लोक आले, याला काही पुरावा?"

"नाही."

काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"सात पुरुष, सात बायका. याला पुरावा?"

"नाही."

"म्हणजे हे लोक इथले जुने, याला पुरावा नाही."

"तो आहे," पंत म्हणाले.

वकील थबकला. त्याला खाली बसायचं होतं. पण मुन्सफ साहेबांनी लेखणी उचलली. "सांगा."

पंत वर्गात शिकवावं तसं बोलू लागले. "मी ऐकलेलं सांगत नाही, पाहिलेलं सांगतो. जगभरचे ज्यू दिव्यांचा एक सण पाळतात. या आळीतल्या म्हाताऱ्या बायकांना तो आज्यांकडून आलेला नाही. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी तो अलीकडे शिकवला. यांनी कुणाची नक्कल केली असती, तर असा ठळक सण सोडला नसता. उलट देवळाच्या शोकाचा उपास यांच्याकडे आहे, आणि तो कशाचा हे सांगणारं कुणी नाही. कारण हरवायला पिढ्या जाव्या लागतात. किती, ते मी सांगू शकत नाही. पण हे काल आलेले नाहीत."

"आणि ते दगड?" मुन्सफाने विचारलं.

"त्यांतल्या एका दगडावर अक्षरं आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. ऊन उतरताना तिथे या."

मुन्सफ खरंच आला. दोन दिवसांनी, संध्याकाळी, कोटबूट घालून. वकील, कारकून, आळीतले सगळे पुरुष, लांब माडांखाली बायका. पंतांनी ओल्या फडक्याने दगड पुसला आणि बाजूला झाले. मुन्सफ आधी वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग इकडेतिकडे पाहून चक्क आडवा झाला. थोडा वेळ गेला. "आहे," तो म्हणाला. "काहीतरी कोरलेलं आहे. पण मला वाचता येत नाही. यांच्यापैकी कुणाला येतं?"

आळीतल्या वडीलधाऱ्यांत प्रार्थनेचं पुस्तक एलोजीकाकांएवढं सराईत वाचणारं कुणी नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. काका पुढे झाले. हात टेकून, कण्हत ते मातीवर पालथे पडले. गाल जमिनीला लागला. उन्हाची तिरीप दगडावरून सरकत होती. काकांचं बोट हळूहळू पुढे गेलं आणि एका रेघेवर थांबलं.

"शीन," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "लामेद." पुढची अक्षरं त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटली आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "शलोम. नाव हाय हे. मानसाचं नाव हाय!"

माझंच नाव. त्या दगडाखाली कोण होता देव जाणे. काका उठेनात. त्यांचं तोंड मातीने माखलं होतं आणि त्या मातीतून पाणी वाहत होतं. अखेर मी आणि पंतांनी मिळून त्यांना उठवलं. काकांनी पंतांचा हात झटकला नाही, पण त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"इतके दिवस का न्हाय सांगितलंत?"

"सांगितलं होतं," पंत म्हणाले. "तुम्ही वाकला नाहीत."

जमीन आमची राहिली. काकीने मलिदा केला. आमचा संदेष्टा एलियाहू हन्नबी याच्या नावाने गोड पोह्यांचं ताट करतात, ते. काका आणि मी तो घेऊन चौलला गेलो. पंतांनी ताट घेतलं, पण काका आभार मानू लागताच हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी तुमच्या बाजूने बोललो नाही, एलोजीशेट. पुरावा उलटा असता तर उलटं बोललो असतो."

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "मग मुंबईत का तसं बोलला? आन हितं का असं? मला अजून बी त्या मानसाचा भरवसा वाटत न्हाय." पण त्यानंतर पंत ओटीवर येऊन बसत. त्यांच्यासाठी दार लावलं जात नव्हतं. दोघे म्हातारे समोरासमोर बसून गलबताच्या गोष्टीवर भांडत. काका शपथेवर सांगत, पंत शपथ मानत नसत.

युरोपात लढाईचे ढग जमत होते. जर्मनीतल्या त्यांच्या म्हाताऱ्या गुरूला विद्यापीठातून काढल्याचं पंतांना कळलं होतं. त्यापुढे काहीच कळलं नाही. त्याच सुमारास काका गेले. सकाळी घाण्यावर गेले आणि तिथेच बसल्या जागी मान टाकली. दुपारी तिरडी उचलायच्या वेळी पंत अंगणाच्या कडेला उभे होते. चौलहून चालत आले होते. आळीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढे या असं कुणी म्हणेना, जा असंही कुणी म्हणेना.

मलकाकाकी दारातून म्हणाली, "त्यास्नी येऊ द्या. त्यांच्याशी भांडल्याबिगर ह्यांचा दिवस जात नव्हता."

ते सगळ्यांच्या मागून चालत आले. त्याच कबरस्तानात काकांना मूठमाती दिली. पंतांनीही दिली. हज्जानने, म्हणजे आमच्यात प्रार्थना सांगतो त्याने, कद्दीश ही मयताची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. जिथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं, तिथे पंतांचा आवाज इतरांच्या अंमळ आधी आला. हज्जान क्षणभर अडखळला, मान वर करून त्याने पाहिलं आणि पुढे म्हणू लागला.

बाहेर पडताना आमच्यात हात धुतात. मी फाटकापाशी तांब्या घेऊन उभा होतो आणि एकेकाच्या हातावर पाणी घालत होतो. पंत शेवटी आले. ब्राह्मण माणूस, आमच्या तांब्यातलं पाणी. माझा हात थांबला. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि तशीच धरून ठेवली, मी पाणी घालीपर्यंत. मग काही न बोलता ते चौलच्या रस्त्याला लागले.

तिथून आल्यावर हात पुसायचे नाहीत, आपोआप वाळू द्यायचे, अशी आमची रीत आहे. उन्हात ते दोन्ही हात अंगापासून दूर धरून चालले होते, बोटांवरून थेंब गळत होते. माझ्या शेजारी उभा असलेला एकजण बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे त्याला कुनी सांगितलं असंल?"

मी तांब्या पालथा केला. वळणावरच्या माडांआड जाईपर्यंत त्यांचे हात तसेच होते.